पडदा, पाठ आणि रोगी : एका गाजलेल्या प्रयोगाची चिकित्सा

शिक्षकांना पडद्यासमोर बसण्याची सवय आता जुनी झाली आहे. १९७५-७६ साली 'साइट' या उपग्रह-प्रयोगातून सहा राज्यांतील खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा तिच्याद्वारे प्राथमिक शाळांतील विज्ञान-शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले होते. २०२० नंतर करोनाच्या काळात तर प्रशिक्षण म्हणजे मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा, असे समीकरणच होऊन बसले. पलीकडे कुणीतरी दोन तास बोलतो, आपण कॅमेरा बंद करून ऐकतो आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेतो. या प्रशिक्षणाने वर्गातल्या मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारला तरी उत्तर मोजून देण्याची सोय नसते.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न एकदा नीट विचारला गेला आणि त्याचे उत्तर रोग्यांच्या रक्तात मोजलेही गेले. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००३ साली सुरू झालेला 'प्रोजेक्ट ईको' हा तो प्रयोग. विषय होता हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचा उपचार. पुढे या प्रयोगाची जगभर वाहवा झाली आणि 'दूरशिक्षणाने काय साधते पाहा' म्हणून तो दाखल्यासारखा सांगितला जाऊ लागला. तो दाखला कितपत खरा आहे, त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे येथे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय वैद्यकाचा असला तरी प्रश्न आपलाच आहे : दूर बसलेल्या माणसाला शिकवून जवळच्या माणसाचे भले कसे होते?

रोग कसा, उपचार कसा

आधी रोगाविषयी थोडेसे. हिपॅटायटिस सी हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू मुख्यतः रक्तावाटे पसरतो. न तपासता दिलेले रक्त, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि नशेची इंजेक्शने ही त्याची नेहमीची वाट. लागण झालेल्यांपैकी काहींचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला स्वतःच हुसकावून लावते. बहुसंख्यांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. आपल्याकडे यकृताच्या अशा आजारांना सरसकट 'कावीळ' म्हणतात. पण या रोगात डोळे पिवळे होतीलच असे नाही. वीस-वीस वर्षे काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्या काळात यकृताची मऊ पेशीरचना हळूहळू चामट होत जाते. यालाच सिरॉसिस म्हणतात. पुढे काहींना यकृताचा कर्करोग होतो. या रोगावर लस नाही.

२००३ साली उपलब्ध असलेला उपचार म्हणजे इंटरफेरॉनची आठवड्याला एक सुई आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. विषाणूच्या प्रकारानुसार हे २४ किंवा ४८ आठवडे चालायचे. ताप, अंगदुखी, रक्तातल्या पेशी घटणे, रक्तक्षय, खोल नैराश्य असे त्रास सोसावे लागत. उपचार देणाऱ्याला रक्ताचे अहवाल वाचून मात्रा कमीजास्त करावी लागे आणि रोग्याच्या मनःस्थितीवरही लक्ष ठेवावे लागे. म्हणून हे काम तज्ज्ञांचेच, असे मानले जाई.

न्यू मेक्सिकोची अडचण

न्यू मेक्सिको क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून किंचित मोठे आहे, पण लोकवस्ती त्या वेळी वीस लाखांच्या आत होती. तज्ज्ञ आल्बुकर्क शहरात आणि रोगी मैलोन् मैल दूर पसरलेल्या गावांत व तुरुंगांत. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयातील यकृतरोगतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे पहिल्या भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावे लागे. लागण झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांना उपचार मिळाले असावेत, असा अंदाज होता.

यावर सरळ सुचणारा उपाय म्हणजे पडद्यावरून रोगी तपासणे. पण त्याने तज्ज्ञाचा प्रवास वाचतो, वेळ वाचत नाही. एक तज्ज्ञ दिवसात जितके रोगी पाहील तितकेच पाहणार, मग ते खोलीत असोत की पडद्यावर. डॉ. अरोरांनी वेगळा मार्ग धरला. रोग्याला पडद्यासमोर आणायचेच नाही, त्याच्या गावच्या डॉक्टरला आणायचे. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी निरनिराळ्या गावांतले डॉक्टर व परिचारिका एकत्र जोडले जात. प्रत्येकजण आपल्याकडच्या एका रोग्याची हकिकत, नाव न सांगता, ठरावीक नमुन्यात मांडे. दुसऱ्या टोकाला यकृताचे तज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि औषधशास्त्राचे जाणकार असत. चर्चा होई, बाकीचे ऐकत, स्वतःचे अनुभव सांगत. मध्ये एखादे छोटेसे व्याख्यान होई. निर्णय मात्र गावचा डॉक्टरच घेई आणि रोगी त्याचाच राही.

आपल्या भाषेत सांगायचे, तर हे व्याख्यान कमी आणि अभ्यासमंडळ जास्त होते. दहा गावांचे दहा रोगी ऐकताना प्रत्येक डॉक्टर दहा रोग्यांपुरते शिकत होता. शिवाय शिकलेले त्याच आठवड्यात स्वतःच्या रोग्यावर वापरून पुढच्या आठवड्यात त्याचा निकाल सांगायचा होता.

२०११ चा निबंध

या प्रयोगाचे फलित जून २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी उपचार न घेतलेल्या ४०७ रोग्यांचा हा अभ्यास. त्यांतील १४६ जणांवर विद्यापीठाच्या रुग्णालयात तज्ज्ञांनी उपचार केले. उरलेल्या २६१ जणांवर ईकोशी जोडलेल्या २१ केंद्रांत उपचार झाले : १६ गावांतली आरोग्यकेंद्रे आणि ५ तुरुंग. उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनीही रक्तात विषाणू सापडला नाही, तर रोगी बरा झाला असे धरले.

विद्यापीठात १४६ पैकी ८४ जण बरे झाले, म्हणजे ५७.५ टक्के. ईको-केंद्रांत २६१ पैकी १५२, म्हणजे ५८.२ टक्के. उपचाराला दाद न देणाऱ्या पहिल्या जनुकीय प्रकाराच्या विषाणूत हे प्रमाण अनुक्रमे ४५.८ आणि ४९.७ टक्के होते. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के रोग्यांना, तर ईको-केंद्रांत ६.९ टक्के रोग्यांना झाले.

तज्ज्ञाने केलेला आणि गावच्या डॉक्टरने केलेला उपचार तोलात सारखा उतरला! निबंध गाजला यात नवल नाही. पण गाजलेला निबंध सावकाश वाचावा, अशी विज्ञानाची शिस्त आहे. आम्हांला त्यात चार ठिकाणी थांबावेसे वाटले.

चार थांबे

पहिला थांबा : हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जो रोगी जिथे गेला, तिथे त्याची नोंद झाली. विद्यापीठात अधिक गुंतागुंतीचे रोगी गेले असतील, तर तिथे दुष्परिणाम जास्त दिसणे साहजिक आहे. म्हणून '१३.७ विरुद्ध ६.९' या आकड्यांवरून गावचा डॉक्टर तज्ज्ञाहून अधिक सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही. आणि तुरुंगातला रोगी ठरल्या दिवशी जागेवर सापडतो. त्याची सुई चुकण्याची शक्यता शेतावर राबणाऱ्या रोग्यापेक्षा कमी असते. हा फायदा पडद्याच्या खात्यावर मांडता येणार नाही.

दुसरा थांबा : 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. दोन गटांतला फरक ०.७ होता हे खरे. पण नमुन्याच्या आकारामुळे येणारी अनिश्चितता धरली, तर ९५ टक्के खात्रीची पट्टी उणे ९.२ पासून अधिक १०.७ पर्यंत पसरते. म्हणजे गावची केंद्रे शंभरात नऊने मागे असण्यापासून जवळजवळ अकराने पुढे असण्यापर्यंत काहीही या आकड्यांशी जुळते. वर्गात हे सहज दाखवता येईल. एका गटाने नाणे १४६ वेळा उडवावे, दुसऱ्याने २६१ वेळा, आणि छाप्यांच्या टक्केवारीतला फरक फळ्यावर लिहावा. खेळ दहा-बारा वेळा करावा. नाणे तेच असूनही कधी पाच, कधी सात टक्क्यांचा फरक पडलेला मुलांना दिसेल. ४०७ हा आकडा मोठा वाटतो, पण सूक्ष्म तुलनेला तो पुरत नाही.

तिसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ईकोमध्ये एकाच वेळी अनेक गोष्टी होत्या : पडदा, साप्ताहिक भेट, खऱ्या रोग्यांची चर्चा, ठरीव उपचारपद्धती, तज्ज्ञांचा चमू आणि निकालांची नोंद. यातले कशामुळे काय झाले? पडदा काढून तेच डॉक्टर दूरध्वनीवर जोडले असते तर? चर्चा काढून नुसते लेखी मार्गदर्शन दिले असते तर? असा तिसरा गट अभ्यासात नव्हता. त्यामुळे 'डिजिटल साधनाने हे साधले' असे या निबंधावरून म्हणता येत नाही. 'या सगळ्या गाठोड्याने साधले', एवढेच म्हणता येते.

चौथा थांबा छेदाचा. टक्केवारी पाहताना छेदात कोण आहे, हे आधी पाहावे. येथे छेदात उपचार सुरू झालेले ४०७ लोक आहेत. ज्यांना आपल्याला लागण आहे हेच ठाऊक नव्हते, ते या अपूर्णांकाच्या बाहेरच राहिले.

एवढे म्हटल्यावर प्रयोगाच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. दूरच्या गावातल्या रोग्यापुढे तज्ज्ञ की गावचा डॉक्टर, असा पर्याय प्रत्यक्षात नव्हताच. त्याच्यापुढचा दुसरा पर्याय होता काहीच न मिळण्याचा. अशा वेळी गावचे केंद्र तज्ज्ञाच्या तोडीचे आहे हे दशांश चिन्हापर्यंत सिद्ध होण्याची गरज नाही. ते सुरक्षित आहे आणि निम्म्याहून अधिक लोक तिथे बरे होतात, एवढे पुरते. ते या निबंधाने दाखवले आहे. आमचा आक्षेप प्रयोगावर नसून त्याच्या नावाने पुढे जे सांगितले गेले त्यावर आहे.

कारण पुढे ईको ही चळवळच झाली. मधुमेह, वेदनाशमन, मनोविकार, इतकेच काय शिक्षकांचे प्रशिक्षण, असे अनेक विषय तिने घेतले. २०१६ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून अशा उपक्रमांचा आढावा घेण्यास तेथील आरोग्यखात्याला सांगितले. २०१९ च्या अहवालाचा सूर असा होता : पुरावा आशा वाटावी असा आहे, पण तोकडा आहे. अनेक ठिकाणी मोजले काय, तर शिकणाऱ्यांचे समाधान आणि आत्मविश्वास. रोग्याच्या रक्तात काय बदलले, हे थोड्याच ठिकाणी पाहिले गेले. ईकोचे मूळ बळ मोजणीत होते. तिची नक्कल करताना पडदा उचलला गेला आणि मोजणी पुष्कळदा मागेच राहिली.

औषध बदलले, पाठही बदलला

दरम्यान रोगाचा उपचारच पालटला. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर आलेल्या जोडऔषधांनी सुई गेली. ८ किंवा १२ आठवडे रोज तोंडाने गोळ्या घ्यायच्या, त्रास थोडा, आणि शंभरातले नव्वदाहून अधिक बरे. मात्र सुरुवातीला अमेरिकेत एका गोळीची किंमत १००० डॉलर, म्हणजे १२ आठवड्यांच्या उपचाराची ८४,००० डॉलर होती. डॉक्टर कितीही शिकलेला असला, तरी रोग्याच्या खिशाला परवडत नसेल किंवा विमा कंपनी नकार देत असेल, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?

या नव्या औषधांच्या काळातला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन शहरातील १३ सार्वजनिक आरोग्यकेंद्रांत ६०० रोग्यांवर उपचार झाले : काहींवर विशेष प्रशिक्षित परिचारिकांनी, काहींवर साध्या डॉक्टरांनी, काहींवर तज्ज्ञांनी. सर्वांना सारखेच प्रशिक्षण दिले होते, आणि तेही अवघे तीन तासांचे. बरे होण्याचे प्रमाण परिचारिकांकडे ८९.३, डॉक्टरांकडे ८६.९ आणि तज्ज्ञांकडे ८३.८ टक्के निघाले. येथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, तेव्हा परिचारिका तज्ज्ञाहून सरस असे कुणी म्हणू नये. पण एक गोष्ट उघड आहे. इंटरफेरॉनच्या काळात दर आठवड्याची सोबत लागत होती. चांगल्या गोळ्या आल्यावर साध्या रोग्यांसाठी तीन तासांचा पाठ पुरला. उपचार सोपा झाला की शिकवण्याचे ओझे आपोआप हलके होते. काही वेळा शिकवण्याची युक्ती शोधण्यापेक्षा विषयच सुटसुटीत करणे फायद्याचे असते, हे आपण गणिताच्या तासालाही अनुभवतो.

साधन उत्तर देते. प्रश्न कोण विचारणार?

पाठ हलका झाला म्हणजे संपला असे मात्र नाही. आज डॉक्टरच्या हाताशी मोबाइलवर दोन प्रकारची साधने असतात. एक, आकडेमोड करून देणारी. दुसरी, औषधांचा आपसातला बखेडा सांगणारी.

पहिल्याचे उदाहरण 'फिब-४' हा आकडा. यकृत किती चामट झाले असावे, याचा अंदाज चार साध्या गोष्टींवरून काढतात. रोग्याचे वय गुणिले एएसटी या यकृत-विकराचे प्रमाण, हा अंश. रक्तातील प्लेटलेटची संख्या (हजारांत) गुणिले एएलटी या दुसऱ्या विकराचे वर्गमूळ, हा छेद. उत्तर १.४५ च्या खाली आले तर यकृत बहुधा ठीक. ३.२५ च्या वर गेले तर फार चामट झाले असण्याची शक्यता मोठी.

समजा एएसटी ६०, एएलटी ४९ आणि प्लेटलेट १५० हजार आहेत. ४९ चे वर्गमूळ ७, म्हणून छेद १०५०. रोगी ५० वर्षांचा असेल तर अंश ३०००, उत्तर २.८६. हा आकडा दोन्ही रेघांच्या मध्ये पडतो, म्हणजे यंत्र म्हणते 'सांगता येत नाही'. आता रक्ताचा अहवाल तोच ठेवून वय ३५ करा. उत्तर २.० येते. वय ६५ करा. उत्तर ३.७१, म्हणजे वरच्या रेघेच्याही पलीकडे. रक्त तेच, पण केवळ वयाने निष्कर्ष बदलला. हे सूत्र २००६ साली एचआयव्ही व हिपॅटायटिस सी या दोन्हींची लागण असलेल्या लोकांच्या माहितीवरून बांधले गेले. वय हा त्यात 'किती वर्षे लागण असेल' याचा ढोबळ प्रतिनिधी आहे. ज्याला हे ठाऊक आहे, तो डॉक्टर ६५ वर्षांच्या रोग्याच्या ३.७१ कडे वेगळ्या नजरेने पाहील आणि आणखी एक तपासणी करील. ज्याला ठाऊक नाही, तो पडद्यावरचा लाल रंग पाहून घाबरेल, किंवा हिरवा पाहून निर्धास्त होईल. नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. सूत्र म्हणजे निर्णय नव्हे, हे त्यांना आकड्यांतूनच कळेल.

दुसरे साधन औषधांच्या बखेड्याचे. लिव्हरपूल विद्यापीठाने असे एक तपासणी-साधन सर्वांना खुले ठेवले आहे. हृदयाचे ठोके नियमित करणारे ॲमिओडारोन आणि सोफोसबुव्हिर असलेली जोडऔषधे एकत्र घेतल्यास ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात, असा इशारा अमेरिकी औषध-प्रशासनाने मार्च २०१५ मध्ये दिला. दोन्ही नावे भरली की साधन लगेच लाल खूण दाखवते. पण नावे भरायची कुणी? पित्तासाठी म्हणून दुकानातून परस्पर आणलेली गोळीसुद्धा यातल्या काही औषधांचे शोषण कमी करते, आणि ती गोळी रोग्याच्या लेखी 'औषध' नसतेच. 'आणखी कोणती औषधे घेता?' असे विचारले तर तो 'काही नाही' म्हणेल. 'जळजळीसाठी काही घेता का?' असे विचारले तर पिशवीतून पाकीट काढील. हा दुसरा प्रश्न कोणतेही साधन डॉक्टरच्या तोंडी घालत नाही. तो शेजारच्या डॉक्टरच्या रोग्याची हकिकत ऐकताना सुचतो. ईकोतील खरे शिक्षण आम्हांला येथे दिसते.

आपल्या देशातला दाखला

हा मार्ग भारतातही चालून पाहिला गेला आहे. पंजाबात या रोगाचा प्रादुर्भाव मोठा. जून २०१६ मध्ये तेथील सरकारने मोफत उपचाराची योजना सुरू केली. जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालये मिळून २५ केंद्रे उघडली. तेथील डॉक्टरांना चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने शिकवले आणि नंतर ईकोच्याच धर्तीवर त्यांना पडद्यावरून साथ दिली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक रोग्यांची माहिती आहे आणि बरे होण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर दिले आहे. न्यू मेक्सिकोच्या ४०७ पुढे हा पसारा पाहावा.

पण येथेही पडद्याला सगळे श्रेय देऊ नये. भारतीय कंपन्यांनी बनवलेली स्वस्त औषधे होती, ती रोग्याला फुकट मिळत होती, आणि उपचाराची रीत मुद्दाम सोपी ठेवली होती. या तीन पायांवर चौथा पाय प्रशिक्षणाचा होता. वाचकांनी आणखी एक सवय ठेवावी. उपचार सुरू केलेले, पुरा केलेले आणि शेवटची रक्ततपासणी करून घेतलेले, हे तीन वेगळे आकडे असतात. मोठ्या योजनेत ते पायरीपायरीने घटत जातात. टक्केवारी यातल्या कोणत्या पायरीवर काढली आहे, हे नेहमी पाहावे.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात या रोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शनात, हा उपचार साध्या डॉक्टरांकडे व परिचारिकांकडे सोपवावा, अशी शिफारस केली. न्यू मेक्सिकोत जे धाडस वाटत होते, ते वीस वर्षांत नियम झाले. हे त्या प्रयोगाचे मोठेच यश आहे.

जो पडद्यावर येतच नाही

मग अडले कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्यांतल्या ३६ टक्के लोकांचेच निदान झाले होते आणि २०१५ पासून उपचार मिळाले ते २० टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या चौसष्ट जणांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताच नाही. त्यांची हकिकत कोणताही डॉक्टर साप्ताहिक चर्चेत मांडू शकत नाही, कारण ते कोणत्याही डॉक्टरच्या यादीत नाहीत.

येथे एक साधी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी व्यवस्था फार उपयोगी पडते. या रोगाची पहिली तपासणी प्रतिपिंडांची असते. ती दोषी आली, तर शरीर कधीतरी विषाणूला भेटले होते एवढेच कळते. विषाणू आजही आहे का, हे दुसऱ्या तपासणीने ठरते. पहिल्या अहवालानंतर दुसऱ्या तपासणीसाठी पुन्हा बोलावले की बरेच लोक गळतात. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि दुखत तर काहीच नसते. त्याऐवजी प्रयोगशाळेने त्याच रक्तावर, कुणाची वाट न पाहता, दुसरी तपासणी करून टाकली तर? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली असेच करावे असे सांगितले. यात नवे ज्ञान नाही आणि डॉक्टरला नवा पाठही द्यावा लागत नाही. प्रयोगशाळेच्या कामाच्या क्रमात एक ओळ बदलते, आणि रोग्याची एक फेरी वाचते.

म्हणून आमचे मत असे झाले आहे. ईकोने दाखवले की खऱ्या रोग्याभोवती बांधलेले, नियमित आणि मोजलेले शिक्षण अवघड उपचारही गावात नेऊ शकते. डिजिटल साधन हे त्या शिक्षणाचे वाहन होते. वाहन चांगले म्हणून माल चांगला ठरत नाही. आणि वाहनात बसूच न शकणाऱ्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते.

आता आपल्याकडे वळू. पुढच्या वेळी शाळेत एखाद्या डिजिटल प्रशिक्षणाचे परिपत्रक येईल, तेव्हा हेच प्रश्न विचारून पाहावेत. त्यात आपल्या वर्गातल्या खऱ्या मुलाची अडचण मांडायला जागा आहे का? पुढच्या आठवड्यात 'मग त्याचे काय झाले?' असे कुणी विचारणार आहे का? शेवटी मोजणार काय, शिक्षकांची हजेरी की मुलांचे शिकणे? आणि जे मूल शाळेत येतच नाही, त्याची गणती छेदात केली आहे का? उत्तरे लेखी मागावीत. मिळाली नाहीत, तरी प्रश्न विचारल्याची नोंद राहील.

वरचा नाण्यांचा खेळ आणि फिब-४ चे गणित वर्गात करून पाहिलेत, तर मुलांनी काढलेले फरक आम्हांला जरूर कळवावेत.